‘मातृभाषा’चा रकाना

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "बाई, तुमच्या व्यवसायातले समाधानाचे क्षण लिहा. वाचकांना उभारी वाटेल असं काहीतरी." उभारी हवी असेल तर लोकांनी सकाळी रंकाळ्यावर फिरायला जावं. माझ्या कामात समाधानाचे क्षण आले नाहीत असं नाही, पण ते सांगण्याजोगे नाहीत. सांगण्याजोगी आहे ती माझी एक घोडचूक, आणि त्या चुकीच्या आजूबाजूला उभी असलेली दोन-तीन शहाणी माणसं. तेवढं लिहिते.

मी वाचा-उपचारतज्ज्ञ. हा शब्द पाटी रंगवणाऱ्या पेंटरनंसुद्धा दोनदा चुकवला होता. नव्वदच्या सुमारास मुंबईहून शिकून परत आले आणि लक्ष्मीपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या वरची खोली घेतली. खाली दिवसभर घरघर, आणि वर मी लोकांचे उच्चार कान देऊन ऐकतेय. बोलणं दुरुस्त करणाऱ्या बाईला याहून मूर्ख जागा शोधून सापडली नसती. दळण टाकायला आलेली माणसं पाटी वाचून जिना चढायची आणि विचारायची, "बोलायला शिकवायचा बी दवाखाना असतोय व्हय?" असतोय म्हटलं की पंधरा मिनिटं स्वतःच बोलून खाली जायची.

येणाऱ्यांत तोतरे असत, बोबडे असत, घसा बसलेले असत. एक नवरदेव लग्नाला आठ दिवस राहिले असताना आला. "तेवढं मांडवात अडखळू ने एवढंच बघा, फुडचं फुडं." एका पुढाऱ्यांचा आवाज प्रचारात बसला होता. मी सांगितलं, दोन आठवडे अजिबात बोलायचं नाही. मला विरोधी पक्षानंच तिथं बसवलं असावं, अशा नजरेनं बघत ते उठले, ते परत काही आले नाहीत.

आणि मग लकव्याचे रुग्ण. माणूस काल बोलत होता, आज बोलत नाही. हे घरच्यांना लगेच कळतं, ते धावपळ करतात, गगनबावड्याच्या पावसातून सुद्धा रुग्णाला पोत्यात गुंडाळून आणतात. पण भाषा अशी एका रात्रीत न जाता वर्षानुवर्षं थोडी थोडी जाण्याचाही एक आजार असतो, आणि तो मात्र कुणाला दिसत नाही. डाव्या बाजूला, कानाच्या वर आणि पुढं, मेंदूचा जो भाग भाषा सांभाळतो, तो हळूहळू वाळत जातो. काहींचं वाक्य तुटतं. शब्द ठाऊक असतात, पण जुळवून ओठांवर येत नाहीत. ‘मी... बाजार... भाजी’ एवढंच उरतं. काहींचं याच्या उलट. बोलणं भरभर, न अडखळता, पण शब्दातला अर्थ गळून गेलेला. असा माणूस आधी नावं विसरतो, आणि मग ती वस्तू काय असते तेच विसरतो. त्याच वेळी काल घरी कोण आलं होतं, कुठल्या थांब्यावर उतरायचं, कुणाशी भांडण आहे, हे सगळं त्याला पक्कं आठवत असतं. आपण सगळ्यालाच ‘आठवण’ म्हणतो, पण कालचा दिवस आठवणं वेगळं आणि कंगवा म्हणजे काय हे ठाऊक असणं वेगळं. मेंदूत त्यांच्या जागा वेगळ्या आहेत, आणि एक शाबूत असताना दुसरं जाऊ शकतं. एवढी साधी गोष्ट मी कोल्हापुरातल्या कितीतरी शिकल्यासवरल्या माणसांना सांगितली. सगळं ऐकून घेऊन ती म्हणायची, "बदाम भिजवून दिले तर?"

हा आजार आपल्याकडं उशिरा लक्षात येतो त्याला आपलं बोलणंही कारण आहे. ‘ते हे जरा तिकडं ठेव, आन् त्याला ते सांग की,’ या वाक्यात वस्तूही नाही, जागाही नाही आणि माणूसही नाही, तरी ते आमच्याकडं रोज शंभरदा बोललं जातं आणि ऐकणारा बरोबर वस्तू बरोबर जागी ठेवतो. व्यासपीठावर तर तासतासभर अर्थाशिवाय बोलणारे लोक मी पाहिलेत. त्यांना कुणी माझ्याकडं आणत नाही, हार घालतात.

गंगव्वांना आणलं ते अशाच एका व्यासपीठावरच्या माणसानं, त्यांच्या मुलानं. ते एका महाविद्यालयात शिकवत. मंगळवार पेठेत सगळे त्यांना ‘सर’ म्हणत, घरात बायकोसुद्धा. सरांचा आवाज चांगला होता, आणि तो त्यांना माहीत होता. सीमाभागातल्या मराठी माणसावर, मराठीच्या गळचेपीवर ते भाषणं देत. मागणी होती त्यांना. खोलीत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा पाटीवरचं माझं आडनाव पुन्हा एकदा वाचलं, ‘कांबळे’, मग खुर्ची रुमालानं झटकली आणि बसले. पाठोपाठ त्यांची बायको सुनंदा, आणि तिचा हात धरून गंगव्वा. साठी ओलांडलेल्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या, हातात हिरव्या बांगड्या. नवरा जाऊन वर्षं झाली होती, तरी त्यांनी ना कुंकू सोडलं होतं ना बांगड्या. त्यावरून सरांचं आणि त्यांचं आधी बरंच वाजलं होतं, असं पुढं कळलं.

"आई मुद्दाम करते, बाई," सर म्हणाले. "तिला सगळं समजतं. कोण आलं, कोण गेलं, दूधवाल्यानं कधी खाडा केला, सगळं सांगते. आणि साधा कंगवा दे म्हटलं तर विचारते, कंगवा म्हणजे काय!"

मी कंगवा पुढं केला. गंगव्वांनी तो हातात घेतला, उलटापालटा केला आणि सुनेकडं बघून अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "कंगवा म्हंजे काय गं?"

"बघा!" सर म्हणाले. "नाटक."

ते नाटक नव्हतं. पुस्तकात वाचलेलं लक्षण माझ्या टेबलापलीकडं बसून बोलत होतं आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. असा रुग्ण कोल्हापुरात मला पहिल्यांदाच भेटत होता. मी तपासणीचा फॉर्म काढला. नाव, वय, शिक्षण. ‘मातृभाषा’ या रकान्याशी आल्यावर सरांनी माझ्या हातातलं पेन जवळपास ओढूनच घेतलं, आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘मराठी’.

मुंबईहून आणलेली चित्रांची कार्डं होती. त्यांवर पियानो होता, अननस होता, कांगारू होतं. ती मी केव्हाच बाजूला काढली होती आणि रोजच्या वस्तूंची एक पिशवी भरून ठेवली होती: कंगवा, केरसुणी, कुलूप, मिठाची पुडी, विळा, अशा वीस. याचा मला अभिमान होता. परदेशी कार्डं फेकून देऊन मी आपल्या मातीतली तपासणी केली आहे, असं मी चार लोकांत सांगतही असे. गंगव्वांनी वीसपैकी चार वस्तू ओळखल्या. ‘केरसुणी दाखवा’ म्हटलं तर नुसत्या बघत राहिल्या. त्या बोलत होत्या त्यात ‘सून आला’, ‘भाकरी झाला’ असं येत होतं. बायकांनी ‘मी आलो’ म्हणणं आमच्याकडं रोजचंच, पण ‘भाकरी झाला’ कुणी म्हणत नाही. मी फॉर्मवर लिहिलं, ‘व्याकरण विस्कळीत.’ अहवालात लिहिलं, ‘शब्दांचा अर्थ जाण्याचा, वाढत जाणारा आजार. पुढची पायरी. बोललेल्याचं आकलन जवळजवळ नाही. घरात एकटं ठेवणं धोक्याचं.’ सही केली, शिक्का मारला.

सर तो कागद घेऊन शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर खरोखरच मोठे होते. रुग्णानं तोंड उघडायच्या आधी त्यांचं निदान झालेलं असे. त्यांनी माझ्या अहवालातली शेवटची दोन वाक्यं वाचली असावीत, कारण त्यांनी वेडाच्या गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही तर मनोरुग्णालयात ठेवा. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी आपल्या आयुष्यातलं पहिलं दुर्मीळ निदान केल्याच्या आनंदात होते.

सुमारे दोन महिन्यांनी एका दुपारी सुनंदा एकटीच आली. ही शाहूवाडीकडची, दहावी झालेली, फारशी न बोलणारी. दारातच उभी राहिली.

"बाई, तुमचा कागद चुकलाय."

मी हसले. लोकांना निदान पटत नाही याची सवय होती. म्हटलं, "बस. काय चुकलंय?"

"आत्याबाईंना कळतंय सगळं. काल दारात चाचा आलते, इस्माईलचाचा. कासार. दर दोन-तीन महिन्यांनी बांगड्या घेऊन येतात. आत्याबाई गोळ्यांनी निस्त्या पडून असतात. चाचांचा आवाज आला आन् उठून आल्या भिंतीला धरून. अर्धा तास बोलल्या बाई त्यांच्यासंगं. हसल्या. बांगडी घट्ट हाय म्हणल्या, दुसरी काढा म्हणल्या."

"म्हणजे मराठीत?"

"न्हाई की. कानडीत."

गिरणी नेमकी तेव्हाच बंद झाली होती की मलाच ऐकू येईनासं झालं, कोण जाणे. मी विचारलं, "त्यांना कन्नड येतं?"

"म्हायेर संकेश्वरच्या पल्ल्याड हाय त्यांचं. लगीन होईपर्यंत मराठी येतच नव्हतं म्हणं. सासूनं घरात कानडी बोलायची बंदी केलती. मग सरांनीबी. पावणं येतात, बरं दिसत न्हाई, असं." मग तिनं विचारलं, "तुम्हाला सांगितलं न्हवतं व्हय?"

सांगितलं नव्हतं, हे खरं. पण मी तरी कुठं विचारलं होतं? ‘भाकरी झाला’ हे मी आजाराचं लक्षण म्हणून लिहिलं होतं. ती बाई चाळीस वर्षं तसंच बोलत होती, कारण कन्नडमध्ये भाकरी ना बाई असते ना बुवा. ज्या गावातल्या अर्ध्या सासुरवाशिणी कन्नड माहेरच्या आहेत, त्या गावात बसून, नेसरीच्या पलीकडून येणाऱ्या रुग्णांचं हेल काढलेलं मराठी रोज ऐकून, मला ते ऐकू आलं नाही. का? तर पाटीवर पदवी होती आणि फॉर्मवर एका प्राध्यापकाचं अक्षर होतं. त्या डॉक्टरांना मी या लेखात नावं ठेवणार आहे, तेव्हा हे आधी लिहून टाकलेलं बरं.

पुढच्या मंगळवारी मी वस्तूंची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. सुनंदानं इस्माईलचाचांनाही बोलावलं होतं. चाचा सत्तरीचे, पांढरी टोपी, बांगड्यांचं ओझं वाहून एक खांदा कायमचा खाली आलेला. सर कॉलेजात होते. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. सुनंदानं ती काढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "‘एकटं ठेवणं धोक्याचं’ म्हणून तुम्ही लिवलंय न्हवं, म्हणून."

गंगव्वा भिंतीला टेकून बसल्या होत्या. गोळ्यांनी चेहरा लाकडासारखा झाला होता, हात थरथरत होते. मी एकेक वस्तू चाचांच्या हातात दिली आणि चाचांनी कन्नडमध्ये विचारलं. कंगवा बघून त्या म्हणाल्या, "हणिगी." मग चाचांच्या डोक्यावरची टोपी बघून काहीतरी पुटपुटल्या आणि चाचा खो खो हसले. "म्हणतेय, तुला काय उपयोग त्याचा!" मीठ तोंडाशी नेऊन ‘उप्पु’ म्हणाल्या. विळा बघून नुसतं नाव घेऊन थांबल्या नाहीत, जोंधळा कापायचा हात करून दाखवला. वीसपैकी पंधरा. उरलेल्या पाचांवर अडल्या, त्यातल्या दोन वस्तू काय आहेत हेच त्यांना कळेना. म्हणजे आजार होता. मी ओळखला होता तोच होता. पण मी ‘जवळजवळ नाही’ म्हणून ज्याला शिक्का मारला होता, ते अजून पुष्कळ शिल्लक होतं. नंतर शिकलेली भाषा आधी विरत चालली होती आणि खालची, लहानपणची, अजून टिकून होती.

मग त्या चाचांना बराच वेळ काही सांगत राहिल्या. चाचा मान खाली घालून ऐकत होते. मी विचारलं, काय म्हणतात?

"ऱ्हाऊ दे बाई."

"सांगा."

"म्हणतेय, दाराला बाहेरनं कडी का लावत्यात? मी कुठं पळून जाणार हाय? मला तर संकेश्वरची गाडी कुठनं सुटती त्येबी ठावं हाय, जायचं असतं तर कवाच गेलो असतो." चाचांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "बाई, ही येडी हाय व्हय?"

सर आले ते चार वाजता, तोवर आम्ही गंगव्वांना पुढं उजेडात आणून बसवलं होतं. दारात कासार, ओट्यावर मी, आणि आई मोठमोठ्यानं कन्नड बोलतेय. त्यांनी आधी रस्त्याकडचं दार लावून घेतलं. मग मला म्हणाले, "हे काय चाललंय?"

मी फॉर्म पुढं केला. "हे तुम्ही लिहिलंत."

"मग? चाळीस वर्षं ती मराठी घरात आहे. मातृभाषा म्हणजे घराची भाषा."

"मातृभाषा म्हणजे आईची भाषा, सर. निदान तुम्हाला तरी हे ठाऊक हवं. तुम्ही त्यावर भाषणं देता."

"हेच म्हणतो मी!" त्यांचा आवाज खाली आला. त्यांना आवाज खाली आणता येतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. "बाई, माझं सार्वजनिक जीवन आहे. परवाच निपाणीला बोलून आलो. लोक काय म्हणतील? घरात आई..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. शब्द माहीत होता त्यांना, उच्चारता येत नव्हता.

"लोक काही म्हणणार नाहीत," मी म्हटलं. "तुमच्या आईला तुमचं एकही भाषण आता कळत नाही, तिच्याकडून तर अजिबात धोका नाही. कडी तेवढी काढा."

ते मला ‘चालत्या व्हा’ म्हणणार असं वाटलं. पण सुनंदा पुढं झाली, आणि कडीच्या कोयंड्यातला खिळा तिनं विळ्याच्या टोकानं उचकटून काढला. माझ्याच पिशवीतला विळा.  सर बघत राहिले आणि चहा मागवून आत गेले.

त्या मोठ्या डॉक्टरांकडं मी दुसऱ्या दिवशी गेले. नवा अहवाल लिहून नेला होता, त्यात ‘माझी आधीची तपासणी चुकीच्या भाषेत झाली’ हे वाक्य पहिलंच होतं. ते वाक्य लिहायला मला सकाळ लागली होती. डॉक्टरांनी कागद चष्मा न लावता वाचला.

"बाई, मेंदू वाळायला लागला की मराठी काय आणि कन्नड काय."

"दोन्ही जाणारच. पण एक आधी जातेय. उरलेली आहे तोवर ती बाई वेडी नाही, आणि तुमच्या गोळ्यांनी तिला उठता येत नाहीये."

"गोळ्या मी तुमच्या अहवालावरून दिल्यात."

ते खरं होतं. मी विचारलं, "डॉक्टर, ठेच लागली की तुम्ही कुठल्या भाषेत ओरडता?"

"हा शास्त्रीय प्रश्न नाही," ते म्हणाले आणि घंटी वाजवली. पुढचा रुग्ण आत आला.

शेवटी राजारामपुरीत नव्यानंच आलेल्या एका तरुण डॉक्टरांना मी गाठलं. त्यांनाही या आजाराविषयी फार माहिती नव्हती, पण त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. माझ्या सगळ्या कामाच्या काळात ‘मला माहीत नाही’ म्हणणारे डॉक्टर मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले, त्यातले हे पहिले. त्यांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या. महिन्याभरात गंगव्वा दारात बसू लागल्या, मग कोपऱ्यावरच्या भाजीवालीपर्यंत जाऊ लागल्या. रस्ता त्यांना कधीच चुकला नाही.

मी काय केलं? खरं सांगायचं तर फार काही नाही. या आजाराला औषध नव्हतं, व्यायाम नव्हता. मला कन्नड येत नव्हतं आणि शिकायला वेळ नाही असं मी स्वतःला सांगितलं. शिकली ती सुनंदा. इस्माईलचाचा दर मंगळवारी यायचे, आणि बांगड्या भरायच्या निमित्तानं तासभर दोघींमध्ये बसायचे. सुनंदानं दोनशे पानी वही घातली. एका बाजूला चित्र चिकटवायचं, नाहीतर फोटो, नाहीतर खरी वस्तूच शिवायची, आणि खाली देवनागरीत कन्नड शब्द लिहायचा. दूध, पाणी, दुखतंय, नको, भूक, पोटात, डोक्यात. दुखणं कुठं आहे हे सांगता यावं म्हणून मी माणसाचं एक चित्र काढून दिलं, ते इतकं वाईट होतं की गंगव्वा त्याला बघून दर वेळी हसायच्या. मी म्हटलं, असू दे, निदान हसतात तरी.

पेठेत बोलणं झालंच. ‘कासार रोज घरी कशाला बसतोय’ इथपासून ‘सरांची बायकू कानडी शिकतीय’ इथपर्यंत. सरांच्या मंडळातल्या एकानं सुनंदाला रस्त्यात थांबवून विचारलं, "वैनी, पक्ष बदलला काय?" ती म्हणाली, "तुमच्या आईला काय दुखतंय ते तुम्हाला कळतंय काय, ते आधी सांगा." हे तिनं मला सांगितलं नाही, त्या माणसानंच येऊन सांगितलं, तक्रार म्हणून.

तीन वर्षं बरी गेली. दोन हजार साल उलटून गेल्यावर कन्नडही गळायला लागलं. हे होणार ते मला ठाऊक होतं, सुनंदालाही मी सांगून ठेवलं होतं, तरी ती प्रत्येक शब्दाला भांडली. एक शब्द गेला की चार दिवस तो वेगवेगळ्या वस्तूंनी परत आणायचा प्रयत्न करायची. मी तिला थांबवलं नाही, उपयोग नाही हे माहीत असून. थांबवायला हवं होतं की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

एका मंगळवारी मी तिथं असताना चाचांनी हिरवा डझन सोडला आणि बांगड्या भरू का म्हणून नेहमीसारखं कन्नडमध्ये विचारलं. गंगव्वांनी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बळे अंद्रे एन?" बांगडी म्हणजे काय? चाचांनी चाळीस वर्षं त्यांच्या हातात बांगड्या भरल्या होत्या. त्यांनी गंगव्वांचा हात हातात घेतला, बांगड्या नीट मापानं चढवल्या, आणि ओझं उचलून उठले. त्यानंतर वर्षभरातच त्यांना दिसेनासं झालं आणि ते मुलीकडं राहायला गेले.

पुढं गंगव्वा बोलेनाशा झाल्या. घरात येणाऱ्याजाणाऱ्यांना सर सांगू लागले, "आईनं मौन धारण केलंय." लोक पाया पडायला लागले. एका गृहस्थांनी तर माझ्यासमोर त्यांच्या पायावर डोकं ठेवून आशीर्वाद मागितला, आणि गंगव्वांनी त्यांच्या खिशातलं पेन काढून चावून बघितलं. ‘प्रसाद दिला’ म्हणत गृहस्थ पेन कपाळाला लावून गेले. मी सरांकडं बघितलं. त्यांनी नजर चुकवली नाही. व्यासपीठाची सवय.

त्या गेल्या तेव्हा सरांनी शोकसभा घेतली. मी मागच्या रांगेत बसले होते. सर सुंदर बोलले. आईच्या दुधाबरोबर मला मराठीचे संस्कार मिळाले, ओव्या मिळाल्या, असं म्हणाले. रुमाल डोळ्यांना लावला. टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोकांनी कष्टानं हात आवरले. ते मोठे डॉक्टर पहिल्या रांगेत होते. बाहेर पडताना मला म्हणाले, "शेवटपर्यंत किती शांत होत्या नाही!"

सुनंदा सभेला नव्हती. आठ-दहा दिवसांनी लक्ष्मीपुरीत आली आणि खुर्चीत बसली. तिच्या आईची, भावांची, पोरांची चौकशी मी केली. तिनं नीट उत्तरं दिली. मग म्हणाली, "बाई, मी काल मंडईत गेलतो. एक भाजीवाली फोनवर कानडी बोलत हुती. मीबी बोललो तिच्यासंगं. ती हसाय लागली. म्हणली, वैनी, असं तर आमची आज्जी बोलायची. आता असं कोण बोलत न्हाई."

मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

"मला तेवढंच येतंय की. त्यांचंच." तिनं पदर बोटाला गुंडाळला. "झोपताना, भांडी घासताना मनात त्येच येतंय. आता कुणासंगं बोलू?"

ज्यांचं बोलणं जातं त्यांच्यासाठी मी आयुष्यभर काही ना काही शोधत आले. कधी सापडलं, बहुतेक वेळा नाही. पण बोलणं शाबूत आहे आणि ऐकणारं माणूसच गेलंय, अशी कुणी माझ्यासमोर येऊन बसेल असं मला कधी सुचलंच नव्हतं. मी उठून जिन्याचं दार लोटलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"माझ्याशी बोल," मी म्हटलं.

"तुम्हाला कळणार न्हाई."

"नाही कळणार. तू बोल."

ती आधी लाजली. मग बोलायला लागली. हळू, मग भरभर, हातवारे करत, मध्येच हसत, मध्येच थांबत. पाऊण तास तरी बोलली असेल. मला त्यातला एकच शब्द कळला, ‘अव्वा’. म्हणजे आई.